निवृत्त न्यायाधीशांविषयी वकील अपशब्द बोलले तर: अवमान, बदनामी की बार कौन्सिल?

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या कॉलनीत राहणारे एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश चार घड्या घातलेला एक कागद घेऊन माझ्या ऑफिसात आले. त्यांना सगळी कॉलनी काका म्हणते, मीही म्हणतो. तो कागद म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरील मजकुराची छापील प्रत होती. काकांसमोर अनेक वर्षे खटले चालवलेल्या एका वकिलांनी त्यात लिहिले होते, "साहेब बेंचवर होते तेव्हा फाइल उघडत नव्हते, दक्षिणा पाहून निकाल देत होते, आता सोसायटीचे हिशेब तपासायला निघाले आहेत." काकांनी कागद टेबलावर सरळ केला आणि इतकेच म्हणाले, "अवमाननेचा अर्ज लिहायला घे."

अशा वेळी अर्ज लिहायला घेण्यापूर्वी काय पाहावे, कोणते दार ठोठवावे आणि ते किती दिवसांच्या आत ठोठवावे, हे निवृत्त न्यायाधीश, त्यांचे कुटुंबीय आणि तरुण वकील या सर्वांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडत आहे. मी इंदूरला वकिली करतो, त्यामुळे कार्यालयांचे आणि कागदपत्रांचे उल्लेख मध्य प्रदेशातील आहेत. कायदा मात्र देशभर एकच आहे.

आधी शब्दाविषयी थोडेसे. आपल्याकडे न्यायालयात हिंदी चालते, म्हणून घरी मराठी बोलणारे पक्षकारही 'अवमानना' म्हणतात आणि त्या एका शब्दात अपमान, बदनामी, बेअदबी असे सगळेच कोंबतात. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ मात्र इतका सैल नाही. त्याच्या कलम २ मध्ये दोनच प्रकार आहेत. न्यायालयाचा आदेश किंवा न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणे हा दिवाणी अवमान होय. जो मजकूर किंवा जे कृत्य न्यायालयाला कलंक लावते वा त्याचा अधिकार खालावते, चालू प्रकरणात बाधा आणते किंवा अन्य कोणत्याही प्रकारे न्यायदानात अडथळा आणते, तो फौजदारी अवमान होय. या व्याख्येत 'न्यायालय' हा शब्द आहे, 'न्यायाधीशाचा मान' हा शब्द कोठेही नाही, आणि निवृत्त न्यायाधीशांच्या बाबतीतला सगळा गुंता याच ठिकाणी सुटतो.

त्यामुळे पहिला प्रश्न 'बोलणे किती झोंबले' हा नसून 'ते बोलणे कोणत्या खुर्चीविषयी होते' हा असतो. निवृत्त झालेली व्यक्ती आयुष्यात अनेक खुर्च्यांवर बसते: पूर्वीची न्यायासन ही खुर्ची, मग कधी लवादाची, कधी चौकशी आयोगाची, कधी एखाद्या न्यायाधिकरणाची, आणि शेवटी सोसायटीच्या कार्यालयातली प्लॅस्टिकची. प्रत्येक खुर्चीला कायद्याने वेगळे संरक्षण दिलेले आहे आणि शेवटच्या खुर्चीला तुमच्या-माझ्याइतकेच.

सर्वोच्च न्यायालयाने हा भेद फार पूर्वी स्पष्ट केला आहे. उत्तर प्रदेशातील मुजफ्फरनगर येथील वकील संघटनेच्या कार्यकारिणीने दोन अधिकाऱ्यांच्या कारभारावर टीका करणारा ठराव केला आणि तो वरिष्ठांकडे पाठवला, तेव्हा त्या वकिलांवर अवमानाची कारवाई झाली. १९५३ साली ब्रह्मप्रकाश शर्मा यांच्या या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, न्यायाधीशाची व्यक्ती म्हणून झालेली बदनामी आणि न्यायालयाचा अवमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात त्या व्यक्तीचे नुकसान होते आणि त्याचा उपाय तिने स्वतः करावयाचा असतो, तर दुसऱ्यात लोकांचा न्यायदानावरील विश्वास ढासळतो आणि म्हणून न्यायालय स्वतः हस्तक्षेप करते. हे प्रकरण सेवेतील अधिकाऱ्यांचे होते. निवृत्तांच्या बाबतीत ही रेषा अधिकच ठळक होते, कारण ज्याच्या कामात अडथळा यावा असे न्यायासनच आता त्या व्यक्तीकडे उरलेले नसते.

याचा अर्थ निवृत्तीनंतर न्यायाधीशाविषयी काहीही बोलण्याची मुभा मिळते, असा मात्र नाही. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांच्या प्रकरणातील एक ट्वीट मागील चार सरन्यायाधीशांच्या भूमिकेविषयी होते आणि त्यांपैकी तिघे तोवर निवृत्त झालेले होते. तरीही १४ ऑगस्ट २०२० रोजी भूषण अवमानाचे दोषी ठरले आणि ३१ ऑगस्टला त्यांना एक रुपया दंड झाला. न्यायालयाच्या मते तो घाव व्यक्तींवर नसून सर्वोच्च न्यायालय या संस्थेवर होता. त्याच भूषण यांनी २००९ मध्ये एका मुलाखतीत त्या आधीच्या सोळा सरन्यायाधीशांपैकी निम्म्यांविषयी केलेल्या विधानावरूनही अवमानाचे प्रकरण सुरू झाले होते. ते तेरा वर्षे रेंगाळले आणि ३० ऑगस्ट २०२२ रोजी, खेदप्रदर्शनानंतर, बंद झाले. यावरून व्यवहारात धरून चालण्याजोगे सूत्र असे: निवृत्त न्यायाधीशांनी न्यायासनावर असताना केलेल्या कामाविषयीचे विधान संस्थेवर शिंतोडे उडवत असेल तर अवमानाचा विचार होऊ शकतो, निवृत्तीनंतरच्या त्यांच्या वागण्याविषयीचे विधान कितीही असभ्य असले तरी तो न्यायालयाचा अवमान नव्हे.

आता काकांच्या कागदावरील ते वाक्य पुन्हा घ्यावे. अर्ज लिहिणाऱ्याने असे वाक्य सलग वाचू नये. पेन्सिलीने त्याचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यासमोर खुर्ची लिहावी. 'फाइल उघडत नव्हते' हा तुकडा न्यायासनाविषयीचा आहे, पण तो आळसाचा आरोप आहे. उद्धट आहे, तरी त्यामुळे कोणाचा न्यायावरील विश्वास उडेल असे उच्च न्यायालयास वाटणे अवघड आहे, आणि कलम १३ प्रमाणे न्यायदानात ठोस बाधा आल्याखेरीज किंवा येण्याजोगी असल्याखेरीज शिक्षा देताच येत नाही. 'दक्षिणा पाहून निकाल देत होते' हा तुकडा गंभीर आहे. तो लाचेचा आरोप आहे, न्यायासनाविषयी आहे, आणि तो करणारा माणूस वकील असल्यामुळे ऐकणाऱ्याला आतली माहिती वाटतो. 'सोसायटीचे हिशेब तपासायला निघाले' हा तुकडा प्लॅस्टिकच्या खुर्चीचा. तो सोडून द्यावा. काकांना मी हे दाखवले तेव्हा त्यांना सर्वांत जास्त राग शेवटच्या तुकड्याचा होता, असे लक्षात आले. रागाचा क्रम आणि कायद्याचा क्रम बहुधा उलटे असतात, हा माझा अनुभव आहे.

तुकडे पाडून झाल्यावर पुरावा बांधावा, आणि तो त्याच दिवशी बांधावा. छापलेला स्क्रीनशॉट स्वतःहून फारसे काही सिद्ध करत नाही. ज्या मोबाइलवर तो मजकूर आला तो मोबाइल जपून ठेवावा, मजकूर पुसू नये, ग्रुपमधून रागाने बाहेर पडू नये, संपूर्ण संभाषण तारखांसह बाहेर काढून ठेवावे आणि मागचा-पुढचा संदर्भ कापू नये. कारण समोरचा वकील 'संदर्भ सोडून वाक्य उचलले' हाच बचाव प्रथम करील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. त्याचे दोन भाग असतात: पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात नोंदीची हॅश किंमत, म्हणजे नोंदीत फेरफार झाला नसल्याचे ओळखण्याचा सांकेतिक ठसा, लिहावी लागते. ग्रुपमधील दोघा-तिघांची नावे साक्षीसाठी टिपून ठेवावीत. बोलणे तोंडी झाले असेल, उदाहरणार्थ बार रूममध्ये किंवा एखाद्या सभेत, तर ऐकणाऱ्यांकडून त्याच आठवड्यात नेमके शब्द लिहून घ्यावेत. 'खूप वाईट बोलले' अशा साक्षीचा काही उपयोग नसतो.

यानंतर अवमानाचा मार्ग. येथे निवृत्त न्यायाधीश कोणत्या न्यायालयातून निवृत्त झाले यावर रस्ता बदलतो, आणि अनेक वकीलही येथेच चुकतात. प्रश्न उच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या कामाचा असेल तर कलम १५(१) लागू होते: उच्च न्यायालय स्वतःहून दखल घेऊ शकते, महाधिवक्ता, म्हणजे राज्य सरकारचे सर्वोच्च कायदा अधिकारी, अर्ज करू शकतात, किंवा अन्य कोणतीही व्यक्ती महाधिवक्त्यांची लेखी संमती घेऊन अर्ज करू शकते. प्रश्न जिल्हा किंवा त्याखालील न्यायालयातील कामाचा असेल तर कलम १५(२) पाहावे लागते: त्यात त्या न्यायालयाने उच्च न्यायालयाकडे पाठवलेला निर्देश, म्हणजे प्रकरण विचारार्थ पाठवणे, किंवा महाधिवक्त्यांचा अर्ज एवढेच दोन मार्ग लिहिलेले आहेत, आणि तिसरा, म्हणजे उच्च न्यायालयाने स्वतः दखल घेण्याचा, सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. काकांना हे ऐकून थोडे वाईट वाटले. सेवेत असते तर निर्देश त्यांनी स्वतः पाठवला असता. आता त्यांच्याकडे न्यायालयच नाही, आणि त्यांच्या जुन्या खुर्चीवर बसलेल्या अधिकाऱ्याने दुसऱ्याच्या काळातील गोष्टीसाठी निर्देश पाठवावा, अशी अपेक्षा धरणे व्यवहाराला सोडून आहे. म्हणून त्यांच्यासारख्यांसाठी खरा मार्ग जबलपूरचा, म्हणजे महाधिवक्त्यांना सविस्तर निवेदन देण्याचा. निवेदनात आरोपाचे नेमके शब्द, तारीख, ठिकाण, ते शब्द कोणत्या न्यायालयाविषयी आहेत आणि त्यामुळे संस्थेवर आघात कसा होतो, एवढेच लिहावे. आपली सेवा किती निष्कलंक होती याची पाने जोडू नयेत. तो विषयच नाही.

मुदत एक वर्षाची आहे. कलम २० नुसार कथित अवमानाच्या तारखेपासून एक वर्ष उलटल्यावर कार्यवाही सुरू करता येत नाही. २००१ च्या पल्लव शेठ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अर्ज किंवा निर्देश वर्षाच्या आत दाखल झाला तर पुरेसे आहे, न्यायालयाची नोटीस वर्षाच्या आत निघालीच पाहिजे असे नाही. तरीही महाधिवक्त्यांच्या कार्यालयात फाइल किती काळ थांबेल हे आपल्या हातात नसते, म्हणून निवेदन पहिल्या दोन-तीन महिन्यांतच जावे. सुनावणी किमान दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर होते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंतचा साधा कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तक्रारदाराला यातून एक पैसाही मिळत नाही, तो केवळ माहिती देणारा असतो, आणि न्यायालयाने कारवाई करण्यास नकार दिला तर त्याला कलम १९ खाली अपीलही नाही. हे सगळे आधी सांगितल्याखेरीज मी कोणाचाही अर्ज लिहीत नाही.

एक शंका इंदूरमध्ये वारंवार विचारली जाते: भारतीय न्याय संहितेत गुन्हा असलेल्या कृत्यावर अवमान लागतो का? खालच्या न्यायालयाचा अवमान दंड संहितेत गुन्हा असेल तर उच्च न्यायालयाने त्याची दखल घेऊ नये, असे अवमान अधिनियमाच्या कलम १० चे परंतुक म्हणते, त्यामुळे ही शंका येते. तिचे उत्तर इंदूरच्याच एका प्रकरणातून आलेले आहे. १९५० च्या दशकात रेवाशंकर नावाच्या पक्षकाराने आपले प्रकरण दुसरीकडे नेण्याच्या अर्जात येथील दंडाधिकाऱ्यांवर गंभीर आरोप केले. उच्च न्यायालयाला वाटले की हा दंड संहितेतील न्यायालयाच्या अपमानाचाच गुन्हा आहे, तेव्हा आपल्याला अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि म्हटले की न्यायालयाला कलंक लावणारे आरोप केवळ समोरच्या अधिकाऱ्याच्या अपमानापाशी थांबत नाहीत, त्यामुळे अवमानाची वाट बंद होत नाही.

आता दुसरे दार, बदनामीचे. माझ्या मते निवृत्त न्यायाधीशांच्या दहांतील आठ तक्रारींना हेच दार योग्य असते, आणि याच दाराचा त्यांना सर्वांत जास्त संकोच वाटतो, कारण आयुष्यभर वरून पाहिलेल्या पिंजऱ्यासमोर आता साक्षीदार म्हणून उभे राहावे लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीला दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, दंड किंवा दोन्ही, अथवा सामुदायिक सेवा अशी शिक्षा आहे. फिर्याद, जिला आपल्या न्यायालयात 'परिवाद' म्हणतात, ती दंडाधिकाऱ्यांसमोर बाधित व्यक्तीनेच करावी लागते. मात्र आजारपण किंवा अशक्तपणामुळे ती स्वतः येऊ शकत नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने दुसरा कोणी करू शकतो. ऐंशी ओलांडलेल्या न्यायाधीशांच्या मुलांनी ही सोय लक्षात ठेवावी. दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देण्याची तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात, आली आहे, त्यामुळे पहिल्याच तारखेला समन्स निघेल अशा आशेवर राहू नये. फौजदारी फिर्यादीला मुदत तीन वर्षांची, पण नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला फक्त एक वर्षाची आहे, आणि हा दुसरा आकडा लोक हमखास विसरतात. समोरच्याला 'खरे आहे आणि लोकहितासाठी बोललो' हा बचाव मोकळा असतो. तेव्हा जुन्या निकालांची उकरणी होईल हे धरूनच जावे.

तिसरे दार बार कौन्सिलचे. समोरची व्यक्ती वकील आहे म्हणूनच हे दार उघडे असते. अधिवक्ता अधिनियम, १९६१ चे कलम ३५ 'व्यावसायिक किंवा इतर गैरवर्तन' असे शब्द वापरते, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांची प्रस्तावनाच सांगते की सामान्य माणसाला जे कायदेशीर आणि नैतिक आहे तेही वकिलाला अशोभनीय ठरू शकते. म्हणून जे बोलणे अवमानात बसत नाही तेही येथे मांडता येते. तक्रार पाठवण्यापूर्वी त्या वकिलाची सनद कोणत्या राज्याची आहे ते पाहावे: इंदूरमध्ये वकिली करणाऱ्याचे नाव मध्य प्रदेशच्या यादीत असेल तर तक्रार जबलपूरच्या राज्य परिषदेकडे, महाराष्ट्र आणि गोव्याच्या यादीत असेल तर तिकडे. तक्रार सही आणि सत्यापनासह अर्जाच्या स्वरूपात व ठरलेल्या शुल्कासह असावी. परिषदेला गैरवर्तन झाल्याचे सकृद्दर्शनी पटले तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जाते. समिती ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद निलंबित करू शकते किंवा यादीतून नाव कमी करू शकते. समितीने एका वर्षात निर्णय न दिल्यास प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. वकिलाची सनद अवमानाच्या प्रकरणात न्यायालयानेच काढून घ्यावी अशी पुष्कळांची इच्छा असते, पण अवमानाची शिक्षा म्हणून सनद निलंबित करता येत नाही, तो अधिकार बार कौन्सिलचा, असे घटनापीठाने १९९८ मध्ये ठरवले. १९९५ मध्ये ज्या निकालाने तसे केले होते तो तेवढ्यापुरता बाजूला सारला गेला.

लवाद आणि आयोग या खुर्च्यांविषयी थोडक्यात. निवृत्त न्यायमूर्ती लवाद म्हणून बसलेले असताना वकिलाने कामकाजात अवमान केला, तर लवादाला स्वतः शिक्षा देता येत नाही. लवाद अधिनियम, १९९६ च्या कलम २७(५) खाली त्यांनी न्यायालयाकडे निवेदन करावे आणि न्यायालय शिक्षा देते. चौकशी आयोग तर न्यायालयच नव्हे: २३ जुलै २०१४ रोजी पत्रकार अरुण शौरी यांच्या प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की, सर्वोच्च न्यायालयाचे कार्यरत न्यायमूर्ती अध्यक्ष असले तरी आयोगावरील टीका हा न्यायालयाचा अवमान ठरत नाही. कार्यरत न्यायमूर्तींबाबत हे असेल तर निवृत्तांबाबत निराळे काय असणार? आयोगाच्या बदनामीसाठी चौकशी आयोग अधिनियमात कलम १०अ वेगळे आहे.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे वकिलांसाठी. निवृत्त न्यायाधीशाच्या निकालावर अपील लिहिताना सावधपणा सुटतो, कारण आता त्यांच्यासमोर उभे राहायचे नसते. मागच्या वर्षी माझ्या ज्युनिअरने लिहिलेल्या अपिलाच्या मसुद्यात एक वाक्य होते. त्याचा मराठी आशय असा की, पीठासीन अधिकाऱ्यांनी प्रतिवादीशी मिलीभगत करून निवृत्तीच्या तीन दिवस आधी घाईने निकाल दिला. पक्षकाराने तोंडी सांगितलेला 'पैसे खाल्ले' हा शब्द येथे 'मिलीभगत' होऊन बसला होता. मी त्याला विचारले, मिलीभगतीचा पुरावा काय? तो गप्प. मग आम्ही ते वाक्य खोडले आणि त्याजागी चार गोष्टी लिहिल्या: अंतिम युक्तिवाद कोणत्या तारखेला पूर्ण झाला, निकाल कोणत्या तारखेला लागला, प्रदर्श पी-१२ या पावतीचा निकालात उल्लेखच नाही, आणि तिसऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी विचारात घेतलेली नाही. घाई वाचणाऱ्याला आपोआप दिसते. ती आपण म्हणायची गरज राहत नाही. मसुद्यात न्यायाधीशांचे नाव घालू नये, 'तत्कालीन' हा शब्द टोचण्यासाठी वापरू नये, 'विद्वान अधीनस्थ न्यायालय' एवढे पुरते.

पक्षकाराने सांगितले म्हणून लिहिले, हा बचाव वकिलाला मिळत नाही. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात दोन वकिलांनी न्यायमूर्तींवर आक्षेप घेणाऱ्या अर्जावर सह्या केल्या होत्या. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपाला वाजवी आधार आहे याची खातरजमा न करता असा अर्ज सही करणारा वकील स्वतः अवमानाचा दोषी ठरतो. ज्युनिअर मंडळींनी हे प्रकरण, शरीफ यांचे, एकदा तरी मुळातून वाचावे.

निवृत्तीशी थेट संबंध असलेली आणखी एक बाब, जिची वकिलांना उशिरा आठवण होते. निकालात तुमच्या तोंडी अशी कबुली घातली गेली असेल जी तुम्ही दिलीच नव्हती, तर १९८२ च्या रामदास नायक प्रकरणानुसार त्या न्यायाधीशासमोरच, प्रसंग ताजा असताना, अर्ज करावा लागतो. निकालातील नोंद वरच्या न्यायालयात प्रतिज्ञापत्राने खोडता येत नाही. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी निवृत्त होतात. तेव्हा ज्यांची निवृत्ती जवळ आली आहे त्यांच्या निकालाची प्रत हाती येताच त्याच दिवशी वाचावी. नंतर 'साहेबांनी खोटे लिहिले' असे बार रूममध्ये म्हणत बसणारा वकील स्वतःच अवमानाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. आणि त्या न्यायाधीशांवर नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा विचारही मनात आणू नये: न्यायाधीश (संरक्षण) अधिनियम, १९८५ चे कलम ३ जो न्यायाधीश 'आहे किंवा होता' अशा दोघांनाही न्यायिक कर्तव्य बजावताना केलेल्या कृतीसाठी संरक्षण देते.

टीका करण्यास बंदी आहे असे मात्र कोणी समजू नये. अवमान अधिनियमाच्या कलम ५ नुसार अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर वाजवी टीका हा अवमान नाही, आणि २००६ च्या दुरुस्तीने कलम १३ मध्ये सत्याचा बचावही आला आहे, फक्त तो लोकहितासाठी आणि प्रामाणिक असला पाहिजे. लेखात, व्याख्यानात, वकिलांच्या सभेत माजी न्यायमूर्तींचा निकाल चुकीचा होता असे खुशाल म्हणावे. तो कसा चुकला ते सांगावे. तो का चुकला याविषयी मनातले तर्क सांगू नयेत.

तरीही नोटीस आलीच, तर उत्तर देण्यापूर्वी एकच ठरवावे: लढायचे की माफी मागायची. दोन्ही एकत्र करण्याचा मोह फार असतो, म्हणजे पहिल्या दहा परिच्छेदांत आपण कसे बरोबर होतो ते लिहायचे आणि अकराव्यात 'तरीही भावना दुखावल्या असल्यास' अशी माफी मागायची. शरीफ प्रकरणात न्यायालयाने असे दुहेरी वागणे चालणार नाही असेच सांगितले. कलम १२ च्या स्पष्टीकरणानुसार माफी सशर्त आहे एवढ्याच कारणावरून ती नाकारता येत नाही, पण ती प्रामाणिक असावी लागते, आणि १९८४ च्या जयकवाल प्रकरणात वकिलाची कागदी माफी सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली नाही. माफी मागायची असेल तर पहिल्याच तारखेला, स्वतः हजर राहून, आपले शब्द जसेच्या तसे उद्धृत करून ते मागे घेत असल्याचे लिहावे. खंडपीठाने शिक्षा दिली तर साठ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येते.

काकांच्या प्रकरणात आम्ही महाधिवक्त्यांचे निवेदन तयार केले, पण पाठवण्याआधी त्या वकिलांना एक साधे पत्र लिहिले: 'दक्षिणा' या शब्दाला आधार काय ते कळवावे, अन्यथा तो शब्द त्याच ग्रुपवर मागे घ्यावा, पंधरा दिवसांत. पत्र रजिस्टर्ड पोस्टाने गेले, पोचपावती फाइलला लागली. अकराव्या दिवशी रात्री साडेनऊला ग्रुपवर दोन ओळी आल्या, शब्द मागे घेत असल्याच्या, नाव घेऊन आणि क्षमा मागून. काकांनी त्या ओळींचाही छापील कागद काढून आणला आणि म्हणाले, "हाही फाइलला लाव." हिशेबाचा मात्र एकही शब्द त्या वकिलांनी मागे घेतला नाही, आणि तो भांडणाचा भाग सोसायटीच्या सभेत अजून चालू आहे.